मुक्या वेदनेचे प्रमाण

तान्ह्या मुलाच्या रडण्याला अर्थ असतो, हे कोणत्याही आईला शिकवावे लागत नाही. भुकेचे रडणे वेगळे, झोपेचे वेगळे आणि काही दुखते आहे म्हणून फोडलेला टाहो वेगळा. घरातील आजी तर दुसऱ्या खोलीतून आवाज ऐकूनच ‘पोट दुखतंय गं त्याचं’ असे सांगून मोकळी होते. पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत चालत आलेले हे ज्ञान विसाव्या शतकातील प्रगत वैद्यकशास्त्राने मात्र बराच काळ अज्ञान मानले होते, हे आज सांगितले तर खरे वाटणार नाही. नवजात बालकाला वेदना होत नाही, झाली तरी ती त्याला समजत नाही आणि समजली तरी ती त्याच्या स्मरणात राहत नाही, अशी तीन पायऱ्यांची समजूत जगातील नामवंत रुग्णालयांत रूढ होती. ती केवळ चर्चेपुरती नव्हती. तिच्या आधारावर अवघ्या काही दिवसांच्या जिवांच्या छातीवर सुरी चालत होती.

ही समजूत ज्यांच्या संशोधनाने मोडून पडली, त्यांत अग्रभागी असलेले नाव एका भारतीयाचे आहे. डॉ. कंवलजीतसिंग आनंद हे ते नाव. मस्तकी पगडी धारण करणारे हे शीख वैद्य बालकांच्या अतिदक्षता विभागात आयुष्य वेचत आले आहेत. भारतीय वंशाच्या माणसाने अमेरिकेत एखादी कंपनी उभारली किंवा सौंदर्यस्पर्धेत मुकुट मिळवला, की आपली वृत्तपत्रे पानेच्या पाने भरतात. ज्याच्या कामामुळे जगभरातील असंख्य नवजात बालकांना शस्त्रक्रियेच्या वेळी भूल मिळू लागली, त्या माणसाचे नाव मात्र सुशिक्षित मराठी घरांतही क्वचितच ठाऊक असते. कोणाचे पोवाडे गावेत आणि कोणाला विसरावे, याचे आपले मापदंड एकदा तपासून पाहिले पाहिजेत, असे वाटायला लावणारी ही कथा आहे.

शस्त्रक्रियागृहाच्या दाराआड

डॉ. आनंद यांचे वैद्यकीय शिक्षण इंदूरच्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयात झाले. होळकरांच्या इंदूरशी मराठी माणसाचे नाते सांगायला नको. त्या नगरीतून ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून हा तरुण ऑक्सफर्डला गेला. १९८० च्या दशकाच्या प्रारंभीचा तो काळ. तेथील नवजात अतिदक्षता विभागात काम करीत असताना एक गोष्ट त्याला अस्वस्थ करू लागली. विभागात जिवापाड जपलेली बालके शस्त्रक्रियेसाठी पाठवली जात, तेव्हा त्यांची प्रकृती बरी असे. परत येत, तेव्हा त्यांची कांती राखेसारखी झालेली असे, श्वास उथळ आणि नाडी क्षीण असे. त्यांना पुन्हा स्थिर करण्यात तासन्‌तास जात. शस्त्रक्रिया तर यशस्वी झालेली असे. मग हे का व्हावे?

अनेकांनी हे पाहिले होते आणि ‘शस्त्रक्रियेचा ताण’ असे म्हणून ते सोडून दिले होते. आनंद यांनी तसे केले नाही. ते आपल्या रुग्णाबरोबर शस्त्रक्रियागृहाच्या दारापर्यंत गेले आणि दाराच्या आतही गेले. तेथे त्यांना जे कळले ते हादरवून टाकणारे होते. बालकाला स्नायू लुळे करणारे औषध दिले जात होते आणि त्याच्या जोडीला नायट्रस ऑक्साइडचा सौम्य वायू. वेदना खऱ्या अर्थाने शमवणारे प्रभावी औषध मात्र नव्हते. मूल हलू शकत नव्हते, रडू शकत नव्हते. श्वासनलिकेत नळी होती, त्यामुळे आवाजही फुटत नव्हता. निश्चल पडलेले ते शरीर पाहून शस्त्रक्रिया करणाऱ्यांना वाटे, बाळ शांत आहे.

येथे एका गोष्टीची नोंद प्रामाणिकपणे केली पाहिजे. हे सारे वैद्य क्रूर नव्हते. त्यांतील बहुतेकजण दिवसरात्र झटणारे आणि मुलांचे प्राण वाचवण्याची तळमळ असणारेच होते. त्यांची भीती वेगळी होती. अपुऱ्या दिवसांच्या, दीड-दोन पौंड वजनाच्या बालकाला भुलीची औषधे दिली तर त्याचा रक्तदाब कोसळेल, श्वास थांबेल आणि ते दगावेल, असे त्यांना वाटे. त्या काळच्या साधनांचा विचार करता ती भीती अगदीच निराधारही नव्हती. या भीतीला सिद्धान्ताची जोड मिळाली होती. नवजात बालकाच्या मज्जातंतूंवरील आवरण पूर्ण तयार झालेले नसते, म्हणून वेदनेचा संदेश मेंदूपर्यंत पोहोचत नाही, असे सांगितले जाई. १९४१ साली मर्टल मॅकग्रॉ या संशोधिकेने नवजात बालकांना टाचणी टोचून त्यांच्या प्रतिक्रिया नोंदवल्या होत्या. पहिल्या काही दिवसांत ही प्रतिक्रिया अस्पष्ट असते, या निरीक्षणातून पुढे अनेकांनी वेदनाच नसते असा निष्कर्ष काढला. जे सोयीचे असते त्याला शास्त्राचा आधार लवकर सापडतो. हा मनुष्यस्वभाव आहे आणि वैद्यही माणसेच असतात.

सोळा बालकांची चाचणी

वेदनेचे मोजमाप कसे करायचे, हा खरा प्रश्न होता. मोठा माणूस सांगू शकतो, बालक सांगू शकत नाही. आणि औषधाने लुळे झालेले बालक तर रडूही शकत नाही. आनंद यांनी उत्तर शोधले ते रक्तात. शरीरावर आघात झाला की ॲड्रेनलिनसारखी संप्रेरके उसळतात, रक्तातील साखर आणि लॅक्टिक आम्ल वाढते, शरीर स्वतःच्याच साठ्याची होळी करू लागते. जिभेला बोलता येत नसेल, पण रक्त बोलते.

अपुऱ्या दिवसांच्या अनेक बालकांत एक दोष आढळतो. गर्भावस्थेत हृदयातून निघणारी महाधमनी आणि फुफ्फुसांकडे जाणारी धमनी यांना जोडणारी एक लहान वाहिनी असते. जन्मानंतर ती थोड्याच दिवसांत आपोआप बंद व्हावी, अशी निसर्गाची योजना आहे. ती उघडीच राहिली तर फुफ्फुसांकडे अतिरिक्त रक्त जाते आणि बालकाचा श्वास कोंडू लागतो. औषधाने ती बंद झाली नाही, तर बरगड्यांमधून छाती उघडून ती बांधावी लागते. आनंद, सिपेल आणि एन्सली-ग्रीन यांनी ही शस्त्रक्रिया व्हावयाची असलेली १६ बालके चाचणीसाठी घेतली. सर्वांना तेव्हाच्या प्रथेप्रमाणे नायट्रस ऑक्साइड आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिले गेले. त्यांपैकी आठ बालकांना, यदृच्छेने निवडून, त्याखेरीज फेंटानिल हे प्रभावी वेदनाशामक दिले.

निकाल १९८७ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना फेंटानिल मिळाले नाही, त्यांच्या रक्तातील ताणाच्या संप्रेरकांची उसळी कितीतरी मोठी होती आणि शस्त्रक्रियेनंतर रक्ताभिसरणाचे व चयापचयाचे उपद्रवही त्यांनाच अधिक झाले. ज्या औषधाने मूल दगावेल अशी भीती होती, ते मिळालेली बालके शस्त्रक्रियेनंतर अधिक सावरलेली होती. अतिदक्षता विभागात परत येणाऱ्या त्या राखी कांतीच्या बालकांचे कोडे सुटले होते. वेदना होती, आणि ती नुसती दुखत नव्हती, तर जिवावर उठत होती.

त्याच वर्षी आनंद आणि बोस्टनचे डॉ. पॉल हिकी यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक विस्तृत लेख लिहून मज्जातंतूंच्या आवरणाचा जुना युक्तिवाद मुळातूनच खोडून काढला. प्रौढ माणसातही वेदनेचे बरेचसे संदेश अल्प आवरणाच्या वा आवरणच नसलेल्या तंतूंतूनच जातात. मग आवरण नाही म्हणून बालकाला वेदना नाही, हे कसे म्हणता येईल? प्रश्न इतका साधा होता, की तो आधी कोणी का विचारला नाही याचेच आश्चर्य वाटावे.

याच सुमारास अमेरिकेत एक आई एकाकी लढा देत होती. १९८५ साली अपुऱ्या दिवसांत जन्मलेल्या तिच्या मुलावर हीच हृदयालगतची शस्त्रक्रिया झाली आणि काही आठवड्यांनी ते मूल गेले. शस्त्रक्रियेच्या वेळी आपल्या मुलाला केवळ लुळे करणारे औषध दिले होते, हे तिला नंतर कळले. तिने पत्रे लिहिली, दारे ठोठावली आणि अखेर वृत्तपत्रांनी तिची दखल घेतली. १९८७ साली अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने नवजात बालकांनाही भूल व वेदनाशमन दिले पाहिजे, अशी भूमिका जाहीर केली. आईचा आक्रोश आणि संशोधकाचे प्रमाण एकाच वेळी एकत्र आले, तेव्हा शतकाची रूढी हलली. नुसत्या आक्रोशाला भावुकता म्हणून बाजूला सारता आले असते. नुसता प्रबंध ग्रंथालयात धूळ खात पडला असता. पुढे त्या मुलाच्या नावाने अमेरिकेतील वेदनातज्ज्ञांच्या संस्थेने पुरस्कार सुरू केला. २००० साली तो डॉ. आनंद यांना मिळाला, यात एक औचित्य आहे.

हृदय आणि वेदना

ऑक्सफर्डनंतर आनंद बोस्टनला गेले. जटिल जन्मजात हृदयदोष असलेल्या नवजात बालकांवर मोठ्या शस्त्रक्रिया करणारे ते जगातील एक अग्रगण्य केंद्र होते. तेथील अतिदक्षता विभागात वेदनेचा प्रश्न अधिकच तीव्र होता. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर काही बालकांच्या फुफ्फुसांतील रक्तवाहिन्या इतक्या संवेदनशील असतात, की श्वासनलिकेतील स्राव काढण्यासाठी नळी घातली, एवढ्यानेच त्या आकसतात, फुफ्फुसांतील दाब चढतो आणि मूल निळे पडू लागते. ही प्रतिक्रिया फेंटानिलने शमते, असे हिकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली दाखवून दिले होते. अशा बालकाच्या बाबतीत वेदनाशमन ही दयेने केलेली जास्तीची गोष्ट नसते. ते उपचाराचे अंग असते.

१९९२ साली आनंद आणि हिकी यांनी ४५ नवजात बालकांच्या हृदयशस्त्रक्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ३० बालकांना सुफेंटानिलची खोल भूल आणि शस्त्रक्रियेनंतर २४ तास अखंड वेदनाशामक देण्यात आले. उरलेल्या १५ जणांना तुलनेने हलकी भूल आणि नंतर ठरावीक अंतराने औषध देण्यात आले. पहिल्या गटातील एकही बालक दगावले नाही. दुसऱ्या गटातील चार दगावली. जंतुसंसर्ग आणि रक्त गोठण्याचे विकारही पहिल्या गटात कमी आढळले. हा अभ्यास लहान होता आणि तो पहिला शब्द होता, शेवटचा नव्हे. पण त्याने बालहृदयरोगाच्या अतिदक्षता विभागांची दृष्टी बदलली. शल्यविशारदाची सुरी काही तास चालते. तिच्यानंतरची रात्र, त्यानंतरचा दिवस आणि पुढची रात्र जागून काढणाऱ्यांच्या हाती त्या जिवाचे भवितव्य असते. टाळ्या सुरीला मिळतात, जागरण करणाऱ्यांच्या वाट्याला त्या येत नाहीत. संघटनेच्या कामात आयुष्य घालवलेल्या कार्यकर्त्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

डॉ. आनंद यांच्या जीवनातील यापुढचा प्रसंग यशापेक्षा मोठा आहे. हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी खोल भूल हितकर ठरली, तर श्वासयंत्रावर असलेल्या प्रत्येक अपुऱ्या दिवसांच्या बालकाला मॉर्फिन सुरूच ठेवले तर त्याचा मेंदू सुरक्षित राहील का? ही आशा घेऊन त्यांनी अमेरिका आणि युरोपातील १६ केंद्रांत ८९८ बालकांची मोठी चाचणी उभी केली. २००४ साली तिचा निष्कर्ष आला. सतत दिलेल्या मॉर्फिनने मृत्यू कमी झाले नाहीत आणि मेंदूतील गंभीर रक्तस्रावही घटला नाही. हा निकाल त्यांच्या आशेच्या विरुद्ध होता. तो त्यांनी स्वतःच्या नावाने, त्याच ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. ज्या विचाराने आपल्याला कीर्ती मिळाली, त्या विचाराच्या मर्यादाही आपणच जगाला सांगायच्या, यासाठी लागणारे धैर्य विरोधकांशी लढण्याच्या धैर्याहून दुर्मिळ असते. सत्यनिष्ठा हा शब्द भाषणात सोपा असतो. तो जगायचा असतो तो असा.

अभिमान की प्रमाण?

ही कथा ऐकून आपल्यातील एखाद्याच्या ओठावर लगेच येईल, ‘यात नवे ते काय? आमच्या अभिमन्यूने तर सुभद्रेच्या उदरात चक्रव्यूहाची विद्या ऐकली होती!’ गर्भस्थ जीवालाही जाणीव असते, ही धारणा आपल्या संस्कृतीत खोलवर रुजलेली आहे, यात शंका नाही. शस्त्रकर्मापूर्वी वेदना सहन न होणाऱ्या रुग्णाला तीव्र मद्य द्यावे, असा सल्ला सुश्रुतसंहितेत आहे. म्हणजे शस्त्र चालवताना रुग्णाच्या वेदनेचा विचार करणे हे वैद्याचे कर्तव्य आहे, याचे भान या भूमीत फार जुने आहे. पश्चिमेत देकार्तने प्राण्यांना केवळ यंत्र ठरवले. त्या यंत्रदृष्टीची सावली पुढे वैद्यकावरही रेंगाळत राहिली, असे म्हणण्यास जागा आहे.

परंतु एवढ्यावर समाधान मानून थांबणे ही आत्मवंचना ठरेल. अभिमन्यूची कथा आपल्याजवळ होती, सुश्रुत आपल्याजवळ होता, घरोघरी त्या शहाण्या आज्या होत्या. असे असूनही आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत तीच परदेशी पाठ्यपुस्तके शिकवली जात होती आणि त्यांतील गृहीतके आपणही निमूटपणे मान्य केली होती. जो समाज आपल्या श्रद्धेला प्रश्नाचे रूप देत नाही, त्या श्रद्धेतून ज्ञान जन्माला येत नाही. केवळ अभिमान जन्माला येतो. इंदूरमध्ये शिकलेला हा शीख तरुण ‘आम्हाला हे ठाऊकच होते’ असे म्हणत बसला असता, तर एकाही बालकाची वेदना कमी झाली नसती. त्याने रक्ताचे नमुने घेतले, आकडे मांडले आणि जगातील सर्वांत चिकित्सक विद्वानांपुढे ठेवले. परंपरेने करुणा दिली, विज्ञानाने प्रमाण दिले. दोन्ही एकत्र आली तेव्हाच जगाला ऐकावे लागले.

ज्यांनी ऐकले तेही पाश्चात्त्यच होते, हेही विसरता कामा नये. चूक त्यांच्या व्यवस्थेत झाली, तिच्यावर बोट ठेवणाऱ्या परदेशी तरुणाला संधी त्याच व्यवस्थेने दिली आणि दुरुस्तीही तिनेच केली. स्वतःची चूक उघडपणे मान्य करून सुधारणारी संस्था बलवान होते. हा धडा घेण्यात कमीपणा नाही.

गर्भस्थ जीवाला नेमकी कोणत्या आठवड्यापासून वेदना जाणवते, या प्रश्नावर अमेरिकेत मोठा वाद झाला आणि २००४ साली डॉ. आनंद यांनी तेथील न्यायालयात आपले मत मांडले. त्या विषयावर तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत. नवजात बालकाच्या बाबतीत मात्र आता शंकेला जागा उरलेली नाही.

आणखी एक प्रश्न आपल्या घराघरांत दबक्या आवाजात विचारला जातो. अशी माणसे परदेशातच का राहतात? डॉ. आनंद यांची पुढची कारकीर्द अटलांटा, लिटल रॉक, मेम्फिस आणि स्टॅनफर्ड अशी अमेरिकेतच घडली. २००९ साली स्वीडनमधील बालवैद्यकाचा प्रतिष्ठेचा निल्स रोसेन फॉन रोसेनस्टाइन पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण ज्यांची मुले न्यू जर्सीत आणि कॅलिफोर्नियात स्थिरावली आहेत, त्या मध्यमवर्गीय कुटुंबांनी हा दोष कोणत्या तोंडाने द्यावा? खरा प्रश्न वेगळा आहे. १९८० च्या दशकात असा विचित्र प्रश्न विचारणाऱ्या कनिष्ठ डॉक्टरला आपल्याकडील किती विभागप्रमुखांनी शस्त्रक्रियागृहात येऊन नोंदी घेऊ दिल्या असत्या? आजही किती देतील? प्रश्न विचारणाऱ्या तरुणाला ‘उद्धट’ ठरवण्याची सवय जोपर्यंत जात नाही, तोपर्यंत बुद्धी विमानात बसून जातच राहणार. तिला थांबवण्याचा मार्ग देशभक्तीच्या उपदेशातून जात नाही. तो मुक्त आणि शिस्तबद्ध संशोधनाचे वातावरण निर्माण करण्यातून जातो.

कोणाची वेदना ऐकू येते?

या साऱ्या कथेचे सूत्र एका वाक्यात सांगायचे तर असे, की जो बोलू शकत नाही त्याला वेदना नाही, असे मानण्याकडे बलवानांचा कल असतो. हे सूत्र केवळ पाश्चात्त्य शस्त्रक्रियागृहाला लागू नाही. ते आपल्या घरालाही लागू आहे.

दर हजार जन्मांमागे साधारण आठ-नऊ बालकांच्या हृदयात काही ना काही दोष असतो. त्यांतील अनेक दोष आज वेळीच शस्त्रक्रिया केली तर पूर्ण बरे होतात. दिल्लीच्या एम्स रुग्णालयातील डॉक्टरांनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. हृदयदोषासाठी शस्त्रक्रिया सुचवलेल्या मुलांपैकी प्रत्यक्षात ती किती जणांची झाली, हे त्यांनी पाहिले. मुलग्यांपैकी ७० टक्क्यांची झाली. मुलींपैकी ४४ टक्क्यांचीच झाली. दोष तोच, रुग्णालय तेच, डॉक्टरही तेच. फरक होता तो आईवडिलांच्या आणि आजीआजोबांच्या निर्णयात. ‘छातीवर व्रण राहील, उद्या लग्न कसे जमेल?’ हा प्रश्न विचारणारे ओठ आपलेच असतात. नवरात्रात कन्यापूजन करणाऱ्या, स्त्रीला शक्तिरूप मानणाऱ्या समाजाला ही आकडेवारी लाजेने मान खाली घालायला लावते. नवजात बालकाला वेदना नाही असे म्हणणाऱ्या त्या जुन्या वैद्यांना आपण हसतो. आपल्याच मुलीचा कोंडणारा श्वास ज्यांना ऐकू येत नाही, त्यांना काय म्हणावे?

यात शासनाचा वाटा आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलांची तपासणी केली जाते आणि तीत जन्मजात हृदयदोषाचाही समावेश आहे. पण योजना गावापर्यंत आली तरी ती घरात शिरतेच असे नाही. तिला घरात नेणारा माणूस लागतो, आणि हे काम कार्यकर्त्याचे आहे. दूध पिताना ज्याला घाम फुटतो, ज्याचे ओठ वा नखे निळसर दिसतात, ज्याचे वजन वाढत नाही आणि ज्याला वारंवार न्यूमोनिया होतो, असे मूल वस्तीत आढळले तर त्याला तपासणीपर्यंत पोहोचवणे, कागदपत्रांत मदत करणे, शहरातील रुग्णालयात त्या कुटुंबाच्या निवाऱ्याची आणि शिदोरीची सोय करणे, रक्तदात्यांची यादी तयार ठेवणे. आणि मूल मुलगी असेल तर दोन वेळा अधिक त्या घराची पायरी चढणे. यासाठी मोठा निधी लागत नाही. लागतो तो नित्य संपर्क, आणि तो तर संघटनेचा प्राण आहे.

सुशिक्षित कुटुंबांनाही करण्याजोगे पुष्कळ आहे. बाळाला लस टोचताना आईने त्याला छातीशी धरून स्तनपान द्यावे, त्याने वेदना कमी होते, हे आता सिद्ध झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ साली तशी शिफारस केली. बाळावर शस्त्रक्रिया होणार असेल तर ‘वेदनाशमनाची काय योजना आहे?’ हे नम्रपणे विचारावे. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. आणि रुग्णालयांनी आईला अतिदक्षता विभागाच्या काचेबाहेर उभे करण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, कमी वजनाच्या बालकांना जन्मानंतर लगेच आईच्या उघड्या छातीशी ठेवल्याने मृत्यूचे प्रमाण सुमारे चतुर्थांशाने घटल्याचे दिसून आले. पाच देशांत झालेल्या त्या अभ्यासात दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयाचाही सहभाग होता. ज्या आईला ‘संसर्ग होईल’ म्हणून बाहेर ठेवले जात होते, तिचे सान्निध्य हेच औषध निघाले.

ज्या ऑक्सफर्डमध्ये आनंद यांनी पहिले रक्तनमुने घेतले, तेथेच २०१५ साली आणखी एक प्रयोग झाला. जन्मून अवघे एक ते सहा दिवस झालेल्या झोपलेल्या बाळांच्या तळपायाला हलकेच टोचून त्यांच्या मेंदूचे चित्रण करण्यात आले. प्रौढ माणसाला टोचले असता मेंदूची जी वीस क्षेत्रे जागी होतात, त्यांपैकी अठरा या बाळांतही जागी झाली. एवढेच नव्हे, तर कितीतरी कमी जोराने टोचूनही बाळांच्या मेंदूत तसा प्रतिसाद उमटला. नवजात बालकाला वेदना जाणवत नाही असे नव्हे, उलट ती बहुधा आपल्याहून अधिक जाणवते.

आजीला हे ठाऊक होते. पण आजीचे शहाणपण ऑक्सफर्डच्या यंत्रापर्यंत नेण्यासाठी इंदूरमध्ये शिकलेल्या एका डॉक्टरला आपल्या रुग्णामागोमाग बंद दाराच्या आत पाऊल टाकावे लागले. सेवा म्हणजे तरी दुसरे काय? आपले काम दारापाशी संपले असे न मानता, पलीकडे त्या जिवाचे काय होते आहे, हे पाहायला आत जाणे. अशी बंद दारे आपल्या प्रत्येकाच्या वस्तीत आहेत आणि त्यांच्याआड कोणीतरी आवाज न फुटता सोसत आहे.